मला नाही, वल्हं धरा

मी रोज सकाळी ऑफिसच्या आधी पोहायला जातो. पन्नाशी उलटली तरी मला दम लागत नाही, हे दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरांमध्ये माझं सगळ्यांना ऐकवून झालं होतं. त्यामुळे गुरुग्रामला नोकरी करणारी माझी मुलगी गेल्या उन्हाळ्यात म्हणाली, "बाबा, आम्ही ऑफिसातले काही जण हिमाचलात एका तळ्यावर कयाक, म्हणजे ती छोटी वल्ह्याची होडी, चालवायला चाललोय, येता का?" तेव्हा मी बॅगेत सगळ्यात आधी पोहण्याची चड्डी टाकली.

तळं खूप उंचावर होतं. पलीकडच्या उतारावर अजून बर्फ होता आणि त्याचंच पाणी तळ्यात उतरत होतं. मुलीने लाइफ जॅकेट घातलं आणि दुसरं माझ्यापुढे धरलं.

"मला कशाला? मी पोहणारा माणूस."

"बाबा, हे पूलसारखं नाहीये. आधी पाय बुडवा, मग हळूहळू आत या."

तिचे ऑफिसातले मित्र बघत होते. म्हणूनच असेल, मी खडकावरून सरळ उडी मारली.

वर आलो तर श्वासच घेता येईना. छाती आवळून आली होती. हात हलत होते, पण मी जागचा सरकत नव्हतो. ओरडायला गेलो तर तोंडात पाणी गेलं. मुलीने ते बघितलं आणि कयाकमध्ये बसून ती माझ्याकडे आली. मी कड धरून वर चढायला गेलो, कयाक उलटली आणि मुलगी माझ्या शेजारीच पाण्यात पडली.

मग मी तिच्या खांद्यांवर दोन्ही हात टाकले आणि तिला खाली दाबून स्वतः वर झालो. मला एक पूर्ण श्वास मिळाला. त्या क्षणी मला फक्त बरं वाटलं, दुसरं काहीही नाही.

जॅकेटमुळे ती वर आली. मला पायाने ढकलून लांब झाली आणि वल्ह्याचं टोक माझ्याकडे केलं.

"हे धरा. मला नाही! बाबा, मला धरायचं नाही!"

वल्ह्याचं दुसरं टोक धरून, पाय मारत, तिने मला काठाला आणलं. मित्रांनी ब्लँकेट दिलं, चहा दिला. "हो जाता है, अंकल," एक जण म्हणाला. मी मान वर केली नाही. ती पलीकडे बसून केस पुसत होती. परतीच्या वाटेत माझ्याशी नेहमीसारखंच बोलली. ते जास्त जड गेलं.

दिल्लीला आल्यावर ती आमच्याकडेच जेवायला थांबली. वाढता वाढता बायकोचं लक्ष तिच्या मानेकडे गेलं.

"हे काय गं? केवढं खरचटलंय!"

"काही नाही आई, कयाकला घासलं."

इतक्या सहज म्हणाली की बायको पोळी आणायला वळलीसुद्धा.

"माझी नखं आहेत ती," मी म्हणालो.

बायको थांबली. मग मी सगळं सांगितलं, खांद्यांवरच्या हातांसकट. ती मुलीजवळ जाऊन बसली आणि तिच्या टी-शर्टचा गळा हलकेच बाजूला करून बघत राहिली.

"बाबा, घाबरलेला माणूस तसंच करतो," मुलगी म्हणाली. "कयाक शिकताना सांगतात आम्हाला ते. म्हणून तर मी लांब झाले."

मी मान हलवली. हातातला घास ताटात परत ठेवला, पण दोघींसमोरून उठून जायची हिंमत होईना.