निपाणीमार्गे नैरोबी

लोक स्वित्झर्लंडची प्रवासवर्णनं लिहितात. मी बेळगाव ते निपाणी लिहिते आहे, कारण माझा नैरोबीचा रस्ता निपाणीवरूनच जात होता.

बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या साड्या विणल्या गेल्या. मी मात्र पाळणा लांबवण्याबद्दल बायकांशी बोलत खेडोपाडी फिरते. हेच काम नैरोबीच्या एका संस्थेसाठी देशोदेशी करायची संधी चालून आली होती. तिथल्या ग्रेसबाई माझी एक बैठक पाहायला मुद्दाम आल्या होत्या आणि सगळं त्यांच्या पसंतीवर अडलं होतं. बैठकीसाठी मी निपाणीतलं मावशीचं घर निवडलं. तिथे बायका हमखास जमणार होत्या.

बस गच्च भरलेली. कंडक्टर म्हणाले, "आधार तोरसरी" (आधार दाखवा). कर्नाटकात आम्हा बायकांना बस फुकट. ग्रेसबाईंनी पासपोर्ट पुढे केला. कंडक्टरांनी तो उलटसुलट पाहिला, फोटोचं कौतुक केलं आणि पूर्ण तिकीट फाडलं.

मला उभंच राहावं लागलं. बसलेल्या एका आप्पांनी रीतीप्रमाणे माझी पिशवी मांडीवर घेतली. काकती मागे पडली आणि एका गचक्याला पिशवीचं तोंड उघडलं.

"ताई, हे रबराचं काय गं?"

"गर्भाशय हाय, आप्पा. शिकवायला नेते."

आप्पांनी थोडा विचार केला, टोपी सारखी केली आणि संकेश्वरला उतरेपर्यंत पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले.

तवंदीचा घाट उतरलो. थोड्याच वेळात तंबाखूचा उग्र वास आला आणि ग्रेसबाई शिंकत सुटल्या. निपाणी आली.

मावशीकडे ना सण ना वार, तरी पुरणपोळी. तिथेच मला शंका यायला हवी होती. सोप्यात (घराच्या पुढच्या खोलीत) गल्लीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. मी तक्ता उलगडणार, तोच मावशीने मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि माझ्या ओटीत खण, नारळ, तांदूळ घातले.

"मावशी, हे काय?"

"गप बस गं. लगीन होऊन चार वरसं झाली. परदेशातनं डाक्टरीण आणतीस, सवाशिनी बोलवाय सांगतीस, तवाच मी वळखलं."

पाळणा लांबवा म्हणून सांगायला आलेली मी मांडीत नारळ घेऊन पाळणा हलण्याचे आशीर्वाद घेत होते. ग्रेसबाई मन लावून बघत होत्या. नैरोबी माझ्या डोळ्यांदेखत लांब चालली होती.

हसून वेळ मारून नेता आली असती. पण बायकांना 'लाजू नका' असं सांगणं हाच माझा उद्योग, आणि आता मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी बोलले.

"मावशी, मला काय तरास न्हाई. आमाला एवढ्यात मूल नको हाय. मी तांबी बसवलीया, कॉपर-टी."

मावशीच्या हातातला करंडा हातातच राहिला. मग कोपऱ्यातल्या एक आक्का म्हणाल्या, "दुखतंय काय गं ते?"

"बसवताना थोडं."

"आन् नवऱ्यानं ऐकलं?"

"तोच संगं आलता."

यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या आणि मग जे प्रश्न सुरू झाले ते दोनदा चहा झाला तरी थांबेनात. तक्ता गुंडाळलेलाच राहिला. रबरी गर्भाशय हातोहात फिरलं. एकीने ग्रेसबाईंनाच विचारलं, तुम्हाला मुलं किती. "एक," त्या म्हणाल्या, "आणि सासू अजून बोलते." मी हे मराठीत सांगताच सगळ्या त्यांच्याजवळ सरकून बसल्या.

मावशी मात्र एक अक्षर बोलली नाही. मला ते फार लागलं. बसस्थानकावर सोडायला आली तीही मुकाट्यानेच. बस हलायच्या बेतात असताना ती खिडकीशी आली.

"आमच्या सुनंला दोन पोरं लई झाली गं. दमून गेलीया, पर बोलत न्हाय. ती तांबी कुठं बसवत्यात?"

"सरकारी दवाखान्यात. पर तिला इचार आधी."

"इचारूनच नेतो की." मग तिने माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "नारळ ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. कवा लागंल तवा लागंल."

मावशी काय म्हणाली, ते मी ग्रेसबाईंना सांगितलं. संकेश्वर आल्यावर त्या म्हणाल्या, "नैरोबीला कधी येशील?"

मला रडूच आलं. जगभरच्या बायकांशी बोलायला निघालेली मी, स्वतःबद्दल मात्र आज पहिल्यांदा बोलले होते.

घरी पोचले. दारातच आईला पिशवीतला खण-नारळ दिसला आणि तिचा चेहरा असा काही खुलला की मी चप्पल काढता काढता थांबले.

निपाणी झाली, नैरोबी ठरली. शहापूर अजून बाकी होतं.

"आई," मी म्हटलं, "जरा बस."