परसातली मिरची

शेडनेटच्या पांढऱ्या छपराखाली शिरलं की बाहेरचं प्रखर ऊन एकदम मवाळ होतं आणि मिरचीच्या कोवळ्या पानांचा ओलसर, हिरवा गंध अंगाला बिलगतो. दुसरबीडला माझ्या थोरल्या बहिणीच्या, सुमनताईच्या शेतात हा गंध मी अनेकदा अनुभवला आहे. पूर्वी तिथे ज्वारी डोलायची, मग सोयाबीन आलं. आता एका कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकतं. ताई आणि शेजारच्या बायका एकेका फुलाला हाताने पराग लावतात. किती हळुवार काम! आणि तेवढ्याशा तुकड्यातून केवढं पीक! त्याच्याच बळावर भाची अकोल्याला नर्सिंग शिकते आहे.

शेतातल्या घरामागे, परसात, ताईची स्वतःची मिरचीही होती. आमच्या आईने दिलेल्या बियांची. बुटकी, जाड सालीची, झणझणीत.

गेल्या हिवाळ्यात मी तिथे असतानाच कंपनीचा माणूस पाहणीला आला. परसाकडे बघून म्हणाला, "ताई, ही झाडं इथं चालणार नाहीत. यांचा पराग आत गेला तर सगळं बियाणं नापास होईल."

तो गेल्यावर भाऊजी खालच्या आवाजात म्हणाले, "तू राहू दे. मी उपटतो."

"नाही," ताई म्हणाली. "माह्या हातची हायेत. मीच काढीन."

तिने ती उपटली नाहीत. मातीच्या ढेकळांसकट खणून काढली, घमेल्यात ठेवली आणि माझ्यापुढे सरकवली. "जळगावले घेऊन जाय."

जळगाव जामोदला माझ्या घरी परतताना एसटीत ते घमेलं मांडीवर घेऊन मी विचार करत राहिले. बाजाराला निष्ठुर म्हणावं, तर लेकीच्या शिक्षणाची वाट त्यानेच उघडली होती. मग ताईच्या त्या रिकाम्या परसाचा दोष कोणाच्या पदरी घालायचा?

बहुतेक झाडं सुकली. एक मात्र माझ्या अंगणात रुजलं.

यंदा दिवाळीनंतर ताई आली, तेव्हा त्याच मिरच्यांचा ठेचा केला. पहिल्याच घासाला तिचे डोळे भरले.

"तिखट झाला का गं?"

"हाव. तसाच हाये."

मी पुडीत बांधलेलं बी तिच्या हाती दिलं. तिने ते परत माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटली. "तुह्याजवळच राहू दे. माह्या वावरात तिले आता जागा नाही."

मग पदराने डोळे पुसून तिने ताट पुढे केलं. "वाढ अजून थोडा."