व्हॅनच्या कर्ण्यातला आवाज

सकाळी फाटक उघडलं तर खांबाला गाढवाचं पिल्लू बांधलेलं होतं. गळ्यात सुकलेली झेंडूची माळ. पाऊस लांबला की आसपासच्या गावांत गाढवांची लग्नं लावतात, पण हे तर लग्नाच्या वयाचंही नव्हतं. आमच्याकडे स्वयंपाक आणि पिंजरे सांभाळणाऱ्या अक्का कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "आता हेच राहिलं होतं." मग आत जाऊन त्याच्यासाठी पाण्याची बादली घेऊन आल्या.

म्हैसूरच्या रिंग रोडबाहेर आमचा हा प्राण्यांचा आसरा माझ्या नवऱ्याने सुरू केला. मी नाशिकची, नोकरीसाठी इथे आले. तो इथलाच, तीन-चार पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेल्या मराठी घरातला. त्याच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं आणि लग्नानंतरची पहिली वर्षं मी त्याची थट्टा करण्यात घालवली. मागच्या उन्हाळ्यात तो गेला. दुपारी जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. त्यानंतर मी नोकरी सोडली, कारण कुत्र्यांना जेवण कुणीतरी द्यायलाच हवं होतं.

त्या दिवशी नेहमीचीच कामं होती. लग्नाच्या हॉलमधून उरलेला भात आणायचा, औषधांच्या दुकानातून सलाइनच्या बाटल्या घ्यायच्या, कोंबडीवाल्याकडून पाय आणि माना. हॉलच्या आचाऱ्याने त्या दिवशी मसाल्याशिवायच्या भाताचं एक पातेलं आपणहून वेगळं काढून ठेवलं होतं. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सार सांगून गेले होते ना, तिखट देऊ नका म्हणून." सार म्हणजे माझा नवरा. सांगून गेले होते, हे तो इतक्या सहज म्हणाला, जणू नवरा काल संध्याकाळीच येऊन गेला असावा. मी पातेलं उचललं आणि व्हॅनकडे चालू लागले.

तेवढ्यात म्हैसूरच्याच हेब्बाळ औद्योगिक भागातून फोन आला. तिथल्या एका बंद कारखान्याचा रखवालदार होता. कारखान्यामागच्या झाडीत राहणाऱ्या काळ्या कुत्रीच्या मानेला मोठी जखम झालीय, अळ्या पडल्यात, आणि ती कुणालाच जवळ येऊ देत नाही.

ही कुत्री मला ठाऊक होती. आम्ही तिला कधी पकडू शकलो नव्हतो. जाळी दिसली की ती भिंतीच्या भगदाडातून पसार व्हायची. फक्त माझा नवरा लसीकरणाची फेरी संपवून तिथे थांबला, की त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन बसायची आणि त्याने टाकलेला भात खायची.

अक्का आणि मी पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. कंपन्यांच्या बस केव्हाच येऊन गेल्या होत्या, रस्ता रिकामा होता. रखवालदाराने झाडी दाखवली. मी भात ठेवला, कोंबडीचे तुकडे ठेवले, लांब जाऊन उभी राहिले. कुत्री एकदाच दिसली. मान वाकडी, डोळे अर्धे मिटलेले. वाऱ्याबरोबर वास येत होता. आम्ही एक पाऊल पुढे टाकलं की ती भगदाडात नाहीशी व्हायची. असा बराच वेळ गेला.

"कर्णा लावू या का?" अक्का म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

व्हॅनच्या टपावर कर्णा आहे. गल्लोगल्ली फिरताना वाजवायला नवऱ्याने स्वतःच्या आवाजात घोषणा रेकॉर्ड करून ठेवली होती. रेबीजची लस मोफत आहे, आपापली कुत्री-मांजरं घेऊन या, घाबरू नका. शेवटी तो थोडा खोकतो, तो खोकलाही त्याने पुसला नव्हता. आणि मग "बन्नी, बन्नी", या, या. तो गेल्यापासून मी ते बटण दाबलं नव्हतं. अक्कांना ते माहीत होतं.

मी म्हटलं, "लावा."

आधी खरखर झाली. मग तो बोलायला लागला.

भर दुपारी, रिकाम्या रस्त्यावर, कारखान्याच्या पत्र्यांवर आपटून त्याचा आवाज परत येत होता, त्यामुळे एकाऐवजी दोघं बोलतायत असं वाटत होतं. रखवालदाराने डोक्यावरची टोपी काढली, का ते त्याला तरी कळलं असेल का कोण जाणे. खोकला आला. "बन्नी, बन्नी."

कुत्री झाडीतून बाहेर आली. सरळ व्हॅनकडे चालत आली. ड्रायव्हरच्या दाराशी थांबली, वर बघितलं, दार हुंगलं आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसली. अक्कांनी मागून जाळी टाकली तेव्हाही तिची नजर त्या दारावरच होती. ती ओरडली नाही की चावायला आली नाही. आम्ही तिला पिंजऱ्यात ठेवलं आणि मी घाईघाईने कर्णा बंद केला.

पिंजरा आत सरकवत होते तोच पलीकडच्या वसाहतीतून एक म्हाताऱ्या बाई लगबगीने आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. मला बघून थबकल्या.

"आवाज ऐकला की हो त्यांचा," त्या म्हणाल्या. मराठीत. "गॅस तसाच ठेवून आले. इतके दिवस कुठं होते? कॉफी पाजल्याशिवाय जाऊ देत नाही म्हटलं. सुम्मने बसायचं माझ्या पायरीवर, एक लोटा कॉफी घ्यायची, जायचं. साखर जास्त पाहिजे त्यांना. घरी देत नाहीत म्हणायचे."

मधुमेहामुळे मी त्याची साखर बंद केली होती, ते खरंच. पण मला हलवलं ते साखरेने नाही. "सुम्मने" म्हणजे उगीच. हा त्याचा शब्द. दिवसातून दहा वेळा म्हणायचा, त्याच लयीत, वाक्याच्या मध्येच कन्नडचं दार उघडून. कर्ण्यातला आवाज यंत्राचा होता, तो मी कसाबसा सहन केला होता. हे त्याचं मराठी होतं, आमच्या घरातलं, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून येत होतं. मला मागे वळून बघावंसं वाटलं. बघितलंही. मागे अक्का होत्या.

मी बाईंना तो गेल्याचं सांगितलं. त्या पदराने हाताचं पीठ पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही.

"मग बोललं कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"रेकॉर्डिंग आहे, आजी."

"हौदा," त्या म्हणाल्या. असं होय. मग माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "तू तरी ये. पायरी आहेच."

परतताना मागे कुत्रीचा श्वासही ऐकू येत नव्हता. मध्येच दोनदा गाडी थांबवून मी बघून आले.

संध्याकाळी आम्ही जखम धुतली. चिमट्याने अळ्या काढताना तिने एकदाही दात दाखवले नाहीत. खाल्लं मात्र नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुन्हा आवाज लावून बघू का, असं अक्कांनी विचारलं. मी नको म्हटलं. एकदा तिला बोलावून आम्ही रिकामं दार दाखवलं होतं. मी पिंजऱ्याशेजारी बसून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये तिच्याशी बोलत राहिले. ती तोंड फिरवून पडून राहायची. मग एका सकाळी बघितलं तर ताटली चाटून पुसून ठेवलेली.

जखम भरली. तिला हेब्बाळला परत सोडायचं ठरलं होतं, पण पिंजरा उघडल्यावर ती बाहेर आली ती थेट व्हॅनखाली जाऊन बसली. अजून तिथेच असते. रोज गाडी काढण्याआधी मला वाकून तिला बाहेर बोलवावं लागतं. येते, पण सावकाश, आणि आधी ड्रायव्हरच्या दाराकडे बघून.