मामांची पडशी

खानदेशातल्या तमाम मोटारसायकलींवरून आजवर जेवढं सामान रस्त्यात सांडलं असेल, त्यात आमच्या हिच्या धरणगावच्या मामांची एक लवंगही नसेल. मामा गावोगावच्या दुकानांना मसाले आणि पापड पोचवतात. सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या कॅनव्हासच्या जोडपिशवीला सगळं जग साइड बॅग म्हणतं. मामा जुन्या वळणाने पडशी म्हणतात, आणि ती बांधायला पूजेला बसल्यासारखे बसतात. पट्टा सीटखालूनच जायला हवा. दोन्हीकडचं वजन सारखं हवं. डावीकडे हळद जास्त झाली तर उजवीकडे तेवढी वीट. वर सुती दोरी, दोरीवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि सुटी टोकं चाकात जाऊ नयेत म्हणून आत खोचलेली. सायलेन्सरपासून पिशवी चार बोटं लांब, कारण एकदा ती टेकली आणि एरंडोलच्या एका दुकानदाराला पापड भाजूनच मिळाले. मामा डगमगले नाहीत. म्हणाले, "घ्या, तुमना गॅस वाची गया!"

दर पाच किलोमीटरला उतरून ते पडशी हलवून बघतात, झोपलेल्या पाहुण्याला उठवावं तशी. मागे बसणाऱ्याचीही सुटका नाही. "जावईबापू, डावीकडे कलू नका, वजन बदलस!" मी शिंकलो तरी त्यांना काळजी.

पण याच वेडापायी त्यांचा सख्खा भाऊ दुरावला. धाकटे नाना धुळ्याला धान्याचं दुकान चालवतात. काही वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना पडशी नानांनी बांधली आणि पारोळ्याजवळ आहेराच्या साड्यांसकट ती चिखलात गेली. मामांनी भर मांडवात सुनावलं, "तुनी गाठबी ढिली अन् तुना शब्दबी ढिला!" तेव्हापासून नाना कानबाईलाही येईनात. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळायला घेतात आणि त्याचे नैवेद्याचे रोट करतात. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही. नाना आले नाहीत तरी मामा दरवर्षी त्यांच्या नावाची सव्वा मूठ घालतच होते. यंदा म्हणाले, रोटच धुळ्याला नेतो. मामी हबकल्या, "रोट घरना बाहेर नेतस का कोनी?"

"धुळ्यामाबी आपलंच घर शे," मामा म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी पडशीला अकरा गाठी मारल्या. मी मोजल्या. एरवी तीनात भागतं. मी मागे बसलो. पारोळ्यापासून भुरभुर पाऊस लागला, रोट प्लास्टिकमध्ये कोरडे राहिले, पण दोरी मात्र भिजून फुगली. धुळ्याला नाना दारात उभे होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. मामा मान खाली घालून गाठी सोडायला बसले. भिजलेली दोरी लोखंडासारखी आवळली होती. नखं झाली, दात झाले, एकही गाठ हलेना. मी खिशातून चाकू काढला. "कापू का?"

"नही!" दोघे भाऊ एकदम ओरडले. कित्येक वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

नानांनी दुकानातून पोती शिवायचा दाभण आणला आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला उकिडवे बसले.

"हात काढ, भाऊ. तुले सोडता येत नही."

"अन् तुले बांधता येत नही."

"मंग शिकाडं का नही कधी? नुसता बोलना!"

मामांनी हात काढले. दाभणाने एकेक गाठ सैल होत होती. नवव्या गाठीला मामा दोरीकडेच बघत म्हणाले, "नाना, त्या दिन मी जास्तच बोली गऊ."

नानांनी उरलेल्या दोन गाठी सोडल्या, रोटांचा डबा छातीशी धरला आणि उठले. "रोट कधीना थंडा व्हयी गया. चाल, घरमा चाल."

दोघे आत गेले. मी पडलो जावई, म्हणजे बाहेरचा. ओट्यावर बसलो, नानांच्या सुनेने चहा-बिस्किटं आणून दिली. आतून आधी फक्त चावण्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी म्हणालं, मीठ कमी पडलंय, दुसरं म्हणालं, आई असती तर पडलं नसतं, आणि पुन्हा चावण्याचा आवाज सुरू झाला. मला सडकून भूक लागली होती. पण हाक मारायचा धीर होईना. ते दोघं आत जेवत होते, आणि ते जेवण लवकर संपू नये, असं मला बाहेर बसून वाटत होतं.