आलं का?
सुक्या झावळ्यांचा धूर नाकात गेला की नागावची ती संध्याकाळ आठवते. आई गेल्यापासून वडिलांना टीव्हीच्या आवाजाशिवाय झोप लागत नसे, म्हणून फिरायला भाड्याने घेतलेल्या कॅम्पर व्हॅनमध्ये टीव्ही आहे ना, हे मी आधी बघितलं होतं. गाडी माडांच्या वाडीत लावली आणि चित्राचे तुकडे पडू लागले. मी टपावर चढून डिशची छत्री फिरवत विचारत होतो, "आलं का?" आतून वडील सांगत होते, "आलं... गेलं." बंबात झावळ्या सारणाऱ्या वाडीवाल्या काकू म्हणाल्या, "वारा पडला का येल चित्र. माड मधी येतान, त्यांना काय सांगनार?" मग मी तिथेच बसून राहिलो. वारा हळूहळू थकला, झावळ्या एकेक करत थांबल्या, आकाश शहाळ्याच्या पाण्यासारखं फिकट झालं आणि समुद्राची गाज जवळ आली. "आलं का?" उत्तर नाही. घाबरून खाली उतरलो. पडद्यावर स्वच्छ चित्र होतं, आवाज मात्र त्यांनी केव्हाच बंद केला होता, आणि उघड्या खिडकीला डोकं टेकून ते गाढ झोपले होते. हल्ली त्यांच्या खोलीतून टीव्हीचा आवाज आला नाही तर मी घाबरत नाही. खिडकी उघडी असेल, एवढंच मनात येतं.