ओवेनसाहेबांचं विरजण

बहरीनमधल्या मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये लहूला सगळे ‘थंडीवाला’ म्हणत. फ्रीज असो, एसी असो नाहीतर मासळीवाल्याचं भलंमोठं कोल्डरूम, हा पठ्ठ्या कान लावून ऐकायचा आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचा. मूळचा खेड तालुक्यातला. सकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे पंचशील म्हटल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही, आणि पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं शील म्हणताना त्याचा आवाज जरा चढायचाच. दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवला नाही. आणि अशा माणसाने बिअरसाठी फ्रीज बनवावा! हसू येतंय ना? पण थांबा, आधी ओवेनसाहेब कोण ते ऐका, मग काय हसायचं ते हसा.

ओवेनसाहेब म्हणजे वर्कशॉपचे मॅनेजर. वेल्सचे. उंच, लालबुंद, बोलणं कमी आणि खाकरणं जास्त. एक्याण्णव साली आखातात युद्ध पेटलं, मनामात सायरन वाजायला लागले, आणि नेमक्या त्याच दिवसांत लहूच्या बायकोला, इंदुबाईला, कळा सुरू झाल्या. टॅक्सी ‘मफी’, म्हणजे नाहीच. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लहूने घाबरत घाबरत साहेबांना फोन लावला, तर गडी स्वतः गाडी घेऊन दारात हजर. गाडीत त्यांच्या वकिलातीने त्यांना दिलेला गॅसचा मुखवटा होता, एकच. तो त्यांनी इंदुबाईच्या मांडीवर ठेवला. “तुम्ही दोघी आहात, मी एकटा,” म्हणाले. मुलगी होईल हे त्यांना कसं कळलं देव जाणे, पण मुलगीच झाली. तीच श्रावस्ती. असं कुणी केलं तर माणूस त्याला कसं विसरेल, तुम्हीच सांगा!

आता श्रावस्ती केजीत जाऊन फडाफडा इंग्रजी बोलायला लागली होती आणि ओवेनसाहेब रिटायर होऊन कायमचे मायदेशी निघाले होते. लहूच्या जिवाला एकच घोर लागला. या माणसासाठी आपल्या हातून काहीतरी झालं पाहिजे, आणि ते गेल्यावर नव्हे, जायच्या आधी.

म्हणून त्याने सरळ विचारलंच, “सर, तुम्हाला काय देऊ?”

साहेब खाकरले. “मला दहा डिग्री दे.”

तर झालं होतं असं. साहेब जनाबियाच्या आपल्या व्हिलात वर्षानुवर्षं घरीच बिअर बनवायचे. पण बहरीनच्या उकाड्यात त्यांना एकच यीस्ट चालवून घ्यावं लागे, एल बिअरचं. ते गरमीत भराभर काम उरकतं, पण एसीच्या खोलीतसुद्धा बिअरला पिकल्या केळ्याचा वास लावतं. साहेबांना जाण्याआधी एकदा तरी हलकी लागर बिअर करायची होती, त्यांच्या वडिलांना आवडायची तशी. “गडद बिअरमध्ये दहा चुका लपतात,” ते म्हणायचे, “हलक्या लागरमध्ये एकही नाही.” तिला लागरचंच यीस्ट हवं. ते सावकाश, थंडीत काम करतं आणि मागे वास ठेवत नाही. त्यांच्या बहिणीने कार्डिफहून कुणाबरोबर तरी त्याचं एक पाकीट धाडलं होतं. एकच. दुसरं मागवायला आता वेळ नव्हता.

लहूने भंगारातला एक डीप फ्रीझर उचलला, त्याला वेगळा थर्मोस्टॅट जोडला काटा दहावर आणून धरला आणि तो साहेबांच्या व्हिलात नेऊन लावला. घरी इंदुबाईने कमरेवर हात ठेवले. “अहो, सकाळी शील घ्यायचं आणि दुपारी दारूची सोय करायची? शोभतं का हे?”

“मी पीत नाही, विकत नाही. मी थंडी देतोय,” लहू म्हणाला. पण खोटं कशाला बोला, मन त्याचंही खात होतंच.

साहेबांनी घरातलं सामान विकायला काढलं होतं, स्वयंपाकघरातला फ्रीजही गेला होता. म्हणून यीस्टची दोन्ही पाकिटं, एलचं आणि लागरचं, त्यांनी लहूकडे ठेवायला दिली. लहूने ती फ्रीजच्या दारात ठेवली, अंड्यांशेजारी. बायकोला सांगायचं मात्र राहून गेलं. शहाणपणाच्या गोष्टी याला थर्मोस्टॅटपुरत्याच सुचायच्या!

दुसऱ्या दिवशी लहू घरी येतो तर ओट्यावर पावांची लादी. श्रावस्तीने पावभाजीचा हट्ट धरला होता आणि कोल्ड स्टोअरवाल्याकडचे, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले, पाव संपले होते. इंदुबाई वैतागून म्हणाली, “कसलं मेलं यीस्ट आणलंत? सकाळपासून पीठ फुगायचं नाव नाही. दगड झालेत दगड!”

लहूने फ्रीज उघडला. एलचं पाकीट जसंच्या तसं. लागरचं अर्धं, तोंड दुमडून कपड्याचा चिमटा लावलेलं. त्याने बायकोला ते कुणाचं आणि कशासाठी होतं ते सांगितलं.

सगळं ऐकल्यावर इंदुबाईचा चेहरा उतरला. कालपर्यंत दारूवरून भांडणारी बाई ती, पण तिच्या डोळ्यांसमोर तो मुखवटा आला. “चला,” ती म्हणाली, “मी स्वतः सांगते त्यांना.” आणि एका डब्यात ते दगड घेऊन तिघं जनाबियाला गेली.

ओवेनसाहेबांनी पाकीट पाहिलं. एक पाव मोडला, चावला. बराच वेळ चावला. मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं.

“सर, एलचं पाकीट शाबूत आहे,” लहू खालच्या मानेने म्हणाला. “तेच घाला. निदान फुकट तरी जाणार नाही.”

साहेबांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि नुसते बघत राहिले. एलचं घेतलं तर बिअर नक्की होणार, पण पुन्हा तीच केळी. लागरचं अर्धं घेतलं आणि ते कमी पडलं, तर सगळंच नासणार, आणि पुन्हा करायला ते इथे नसणार.

इंदुबाई न राहवून लहूला म्हणाली, “विरजण थोडं असलं म्हणून दही लागायचं राहतं का? आधी वाटीभर दुधात वाढवावं, मग पातेल्यात घालावं. सांगा त्यांना.”

लहूने इंग्रजी करून सांगितलं. साहेबांनी टेबलावर थाप मारली. “माझ्याही मनात तेच होतं. धीर होत नव्हता!”

लगेच त्यांनी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी उकळलं, निववलं, बरणीत भरलं आणि उरलेलं यीस्ट त्यात सोडलं. दोन दिवस लहूचं कामात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी साहेब त्याच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “फेस आलाय. घरी सांग.” लहूला वाटलं, आत्ता नाचावं.

शुक्रवारी साहेबांनी मोठ्या पातेल्यात माल्टचा काढा केला, हॉप्सची कडू फुलं घातली, आणि तो निवल्यावर बरणीतलं विरजण त्यात ओतून सगळं लहूने बनवलेल्या फ्रीझरमध्ये ठेवलं. लहू निघताना त्यांनी त्याच्या हातात एक मोठी बाटली दिली, चिकटपट्टीने गच्च बंद केलेली. “ही तुझ्या घरच्या फ्रीझरमध्ये राहू दे. मी मागेन तेव्हाच आण. उघडू नको.”

ती पिवळट बाटली बघून इंदुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. “आता माझ्या घरात दारू? बुद्धाच्या फोटोच्या समोरच्या भिंतीला?” पण पावांची चूक तिची होती. तिने बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि मटाराच्या पिशव्यांमागे ढकलली. पुढचे कित्येक आठवडे मटार काढताना ती तोंड फिरवायची.

निरोपाच्या दिवशी जनाबियाच्या व्हिलात सामान उरलं नव्हतं, नुसती माणसं होती. साहेबांच्या सांगण्यावरून लहूने सकाळीच बाटली बाहेर काढून बरोबर आणली होती, पाहिजे तेवढीच गार राहावी म्हणून. साहेबांनी लागर ओतली. उन्हात धरली तर पलीकडचा माणूस दिसावा इतकी स्वच्छ. कुणीतरी वास घेऊन ओरडलं, “ओवेन, केळी गेली!” टाळ्या पडल्या. लहूला बरं वाटलं, पण तो भिंतीशी रिकाम्या हातांनी उभा होता. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याच्याबरोबर एक घोट घेता येत नाही, आणि नाही म्हटलं तर आजच्या दिवशी त्याचं मन मोडणार. इंदुबाईने श्रावस्तीला घट्ट धरलं होतं.

“लहू, माझी बाटली कुठाय?”

लहूने ती पुढे केली. साहेबांनी आपला भरलेला ग्लास खिडकीत ठेवून दिला, चिकटपट्टी सोडवली आणि चार ग्लास भरले.

“सर, माफ करा, आम्ही...” लहू चाचरला.

“पी. यात यीस्ट नाही,” साहेब म्हणाले. “विरजण घालायच्या आधीच हा काढा बाजूला काढून ठेवला होता. उकळलेलं माल्टचं पाणी आणि ती कडू फुलं, दुसरं काही नाही. तू रोज सकाळी काय म्हणतोस ते तूच मला सांगितलं होतंस ना? पाचवं?”

लहूने बायकोला मराठीत सांगितलं तेव्हा इंदुबाईने पदर डोळ्यांना लावला. इतके दिवस जिच्याकडे पाठ फिरवली, ती बाटली त्यांच्यासाठीच होती की हो!

श्रावस्तीने घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “It’s like sugarcane juice, but medicine.”

साहेब हसले आणि त्यांनी आपला तो गोड ग्लास उचलला. बाकी सगळे बिअर उंचावून ‘चिअर्स’ म्हणाले. ओवेनसाहेबांनी मात्र इंदुबाईकडे वळून, लहू रोज फोन उचलताना म्हणायचा तसं, अडखळत म्हटलं, “जय भीम.”

“जय भीम, साहेब,” इंदुबाई म्हणाली, आणि तिने तो अख्खा ग्लास एका दमात संपवला.