काळ्या पट्टीआड लपवलेली रुंदी

आमचे हे, संपत, कुणावर विश्वास ठेवतील तर शपथ. दूधवाल्यासमोर दूध पुन्हा मापून बघणारा माणूस. वारज्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे सर्फबोर्ड बनवतात. पुण्यात समुद्र कुठाय, असं कुणी विचारलं तरी यांना वाटतं, हा नक्की कारखाना बंद पाडायला आलाय. आधी फायबरची दारं करायचे. कोकणातल्या एका सर्फिंगवाल्यानं बोर्ड मागितला, तेव्हापासून हेच काम.

गिऱ्हाईक आलं की उलटतपासणी सुरू. "लाटेवर उभं राहता येतं का? खरं सांगा." नवशिक्याला रुंद, जाड बोर्ड. तो पाण्यावर पाटासारखा बसतो, छोटी लाटही पकडतो, पण वळायला महाआळशी. अरुंद, पातळ बोर्ड झटकन वळतो आणि तोल गेला की तितक्याच झटकन पाण्यात पाडतो.

आमच्या लेकीला, संस्कृतीला, पुढच्या महिन्यातल्या सर्फिंगच्या स्पर्धेसाठी तसला अरुंदच हवा होता. हे लगेच हो म्हणाले. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस वांग्याची भाजी करू का विचारलं तरी लगेच हो म्हणत नाही. त्यात शेडचं दार आतून बंद. चहा घेऊन गेले तर बोर्डावर चादर. म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

बोर्ड बाहेर आला तो दिसायला सडपातळ, दोन्ही कडांना जाड काळी पट्टी, त्यामुळे मधला पांढरा भागच तेवढा नजरेत भरायचा. संस्कृतीनं काखेत घेतला, तर हात खालच्या कडेला पोहोचेना.

"बाबा, हा रुंद आहे. रंगानं लपवलंत?"

"यावरून पडणार नाहीस," हे तिच्याकडे न बघता म्हणाले. "तू म्हणतेस तेवढं तुला जमतं, हे कशावरून?"

"पडणार नाही, पण वळताही येणार नाही. समोर कुणी पोहत आलं तर काय करू?"

यांचा चेहरा उतरला. मला राग आला होता आणि कीवही. पोरीला जपायला निघालेल्या बापानं तिला वळायची सोयच ठेवली नव्हती.

मग यांनी नव्या बोर्डासाठी फोमचा ठोकळा मांडला आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली. "तूच आख."

तिनं आखलं.

"एवढा अरुंद? पडशील."

"पडेन, बाबा. पुन्हा चढेन."

यांनी करवत उचलली. दुसऱ्या बाजूनं ठोकळा मी धरला.